आपला खुंट अजून उभा आहे

माझ्या भांडकुदळ आये,

काल गावाने खाडीतला आपला खुंट उपटायला दोर बांधला होता. खुंट अजून उभा आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी ही बातमी तुला तुझ्या सुनेकडून कळावी, म्हणून लिहायला बसले आहे.

तुला वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. लिहून झालं की खाडीच्या काठावर उभी राहून मोठ्याने वाचणार आहे. बायका हसतील. हसू देत! तसंही ओरडून सांगितल्याशिवाय तुला कधी काही ऐकू गेलंय?

भांडण कशावरून, ते तू ओळखलं असशीलच. मांदेलीवरून. शाळेच्या पुस्तकात जिला पाणमांजर म्हणतात, आपण हूद म्हणतो आणि आपल्या दिवाळे गावातला प्रत्येक कोळी जिला शिवी दिल्याशिवाय हाक मारत नाही, त्या जातीचं एक पोरकं पिल्लू तू घरात आणलंस. तू गेलीस, पण तुझं भांडण मला ठेवून गेलीस. दागिने ठेवतात लोक सुनेला!

सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे, कारण तुझी बाजू तू नेहमी सोयीने सांगायचीस.

उरणकडून लग्न होऊन मी या घरात आले ती सातवी शिकलेली, अंगावर कोरं लुगडं, तोंडात शाळेतलं बोलणं. पहिल्याच सकाळी विचारलं, "तुम्ही चहा घेणार का?" तू मागे वळून बघितलंस.

"कोनाला बोल्तंस गो? माज्या मागं कोन उभं हाय का?"

त्या दिवसापासून तू आणि मी 'अगं-तुगं'वर आलो. त्याच सकाळी अंडी काढायला म्हणून मी कोंबड्या झाकायचं डालगं उचललं. आत कोंबडी नव्हतीच. पंख मोडलेली घार होती! तिने माझं मनगट फाडलं, मी किंचाळले आणि तू हातातलं काम टाकून धावत आलीस. मला वाटलं, सून नवी आहे, काळजी वाटली असेल. कसली काळजी! तू डालग्यापाशी बसलीस आणि मला म्हणालीस, "पावन्याला घाबरवलंस ना!"

मनगटावरची खूण अजून आहे. काल भर खाडीत ती मी सगळ्यांना दाखवली, ते पुढे येईलच.

पावणे! तुझा शब्द. मिठागरात पाय अडकून पडलेला बगळा पावणा. तळवलीच्या रस्त्यावर ट्रकने उडवलेलं कोल्ह्याचं पोर पावणा. डोक्यावरची मासळीची पाटी विकून तू घरी यायचीस तेव्हा पाटीच्या तळाशी थोडी मासळी राखलेली असायची. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, ती तू द्यायची नाहीस. "ती पावन्यांची हाय." गिऱ्हाइकाला वाटायचं तुझ्याकडे घाटावरची माणसं उतरली आहेत.

आणि तुझे ते नियम! पावण्याला नाव ठेवायचं नाही. पावण्याला मांडीवर घेऊन लाडवायचं नाही. बरा झाला की त्याने जायचं. "गेला त पावना. नाय गेला त कैदी," हे तू मला किती वेळा ऐकवलंस. जाताना मात्र त्याची पाठवणी अगदी रीतसर. उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं आणि सासरी निघालेल्या लेकीला सांगतात तसं सांगायचं, "जा, नि मागं बगू नको." विधवेने कुंकवाला हात लावला म्हणून आळीतल्या बायका कुजबुजल्या, तेव्हा तू दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "घारीला कलत नाय कोन इधवा नि कोन सवाशीन. तुमाला बरं कलतं!"

तेव्हा मी लाजेने आत पळाले होते. आज आठवलं की अभिमानाने ऊर भरून येतो. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू माझ्या डोक्यावर मिरे वाटले असतेस, म्हणून सांगितलं नाही.

ती घार गेली तो दिवस आठवतो? कौलावर बसली, पंख झटकले आणि जाता जाता आपल्याच वलांडीवर सुकत घातलेला बोंबील उचलून नेला. मी हाय हाय करत होते आणि तू टाळ्या पिटत होतीस. "चोरी करतंय! बरा झाला गो, बरा झाला!"

पण सगळे बरे झाले नाहीत ना, आये. ते बगळ्याचं पिल्लू मला विसरता येत नाही. वाऱ्याने घरट्यातून पडलेलं, पिसंसुद्धा धड फुटली नव्हती. घरी एकटं ठेवलं तर गारठेल म्हणून तू ते पदरात गुंडाळून पोटाशी बांधलंस आणि तशीच बेलापूरच्या बाजारात जाऊन बसलीस. ते तिथेच गेलं, तू मासळीचे वाटे लावत असताना. तू गिऱ्हाइकांसमोर डोळ्यातून टिपूस काढलं नाहीस. संपूर्ण पाटी विकलीस. आणि घरी आल्यावर आधी माझ्याशी भांडलीस, मग तुझ्या लेकाशी, मग शेजारणीशी तिची कोंबडी आपल्या अंगणात आली म्हणून, आणि मग चुलीपुढे बसून जी रडलीस ती चूल विझेपर्यंत. तेव्हा मला कळलं की तू भांडतेस तेव्हा खरं काय करत असतेस.

आणि कोल्ह्याचं ते पोर? बांबूच्या कामट्या बांधून त्याचा पाय सांधलास. लंगडत लंगडत तिवरांच्या रानात गेलं. त्यानंतर खाडीपलीकडून कोल्हेकुई ऐकू आली की तू हातातलं काम थांबवून म्हणायचीस, "आपला हाय." आये, ठाण्यापासून पनवेलपर्यंतचा प्रत्येक कोल्हा आपला कसा असेल?

आता मांदेली.

गेल्या हिवाळ्यात तू ओहोटीला कालवं फोडायला तिवरांत गेलीस. आदल्या दिवशी कुणीतरी जाळ्याशी आलेली मोठी हूद वल्ह्याने मारली होती, गावभर त्याची शाबासकी चालली होती. तू परत आलीस ती पाटीत कालवं आणि कालवांखाली ओलं, थरथरणारं, डोळे जेमतेम उघडलेलं पिल्लू घेऊन. मांदेली माशासारखं सोनेरी आणि तेवढंसंच, असं तूच म्हणालीस. म्हणजे नाव तूच ठेवलंस! तुझा नियम तू पहिल्याच दिवशी मोडलास, आणि मी बोट दाखवलं तर म्हणालीस, "नाव नाय ठेवला. सारका दिसतो ते बोलले."

तुझा लेक तर कपाळाला हात लावून बसला. "आये, कोली आपन, नि घरात हूद? उंदीर पालतीस त एक वेल चाललं असतं!"

"तिची आय तुमीच मारली ना? मंग तिला दूद कोन पाजनार, तुमची जमात?"

जमात म्हणजे गावचे पंच. तू तेव्हापासूनच त्यांना यात ओढलं होतंस बघ.

शेळीच्या दुधात चिंधी बुडवून पाजलंस. मग उकडलेला मासा स्वतःच्या तोंडात चावून भरवलास. आणि मी हसून हसून पोट धरलं तो दिवस! हुदीचं पिल्लू पाण्याला घाबरतं, कुणाला खरं वाटेल? तू लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी, मांदेली तुझ्या खांद्यावर चढून केसांना धरून ओरडतेय आणि तू तिला बजावतेस, "कोल्याच्या घरात ऱ्हातीस नि पान्याला भितीस? लाज नाय वाटत?" आळीतली पोरंबाळं काठावर जमली होती. तीन-चार ओहोट्या गेल्या आणि एक दिवस ती तुझ्या खांद्यावरून सुळकन पाण्यात उतरली. तू इतकी ओरडलीस की पलीकडच्या मिठागरातली माणसं धावत आली, कुणी बुडालं की काय म्हणून.

इथपर्यंत सगळं छान. आणि मग तू चुकलीस. हो, तूच! मेलेल्या माणसाची चूक काढू नये म्हणतात, पण तू मेलीस म्हणून बरोबर कशी होशील?

आपली डोल, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, खाडीत खुंटाला बांधलेली असते, तिचं शेपटाकडचं टोक म्हणजे खोला, तिथे सगळी मासळी साचते. तू मांदेलीला होडीत घालून लेकाबरोबर जायला लागलीस, आणि खोला सोडला की म्हणायचीस, "घे, तुजा वाटा घे." ती खोल्यात तोंड घालून हवा तो मासा उचलायची. बघायला किती गोड! दुसऱ्या होड्यांवरचे लोकसुद्धा हसायचे. पण आये, तिने काय शिकावं? मासा कुठे असतो? खोल्यात! आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आपल्याला तरी दुसरं काय माहीत आहे? कोळ्याच्या घरात मासा म्हणजे जाळ्यात येतो तो. तो आधी पाण्यात असतो आणि कुणीतरी त्याच्या मागे पळून तो पकडायचा असतो, हे सांगायला तिची आई हवी होती.

चैतात तू तिची पाठवणी केलीस. कुंकवाचं बोट, "मागं बगू नको", सगळं झालं. ती मागे बघत बघतच गेली. आणि दोन-चार दिवसांत धर्मादादाच्या डोलीचा खोला फाटला.

धर्मादादा! दुसऱ्या कुणाची फाटली असती तर गोष्ट वेगळी होती. बाळंतपणात आई गेलेलं पोर, ज्याला तू आपल्या लेकाबरोबर दूध पाजलंस, एका बाजूला हा आणि एका बाजूला तो. तुझ्या लेकाचा दूधभाऊ. घराबाहेर 'आये' म्हणून तुला हाक मारणारा एकच माणूस. त्याचाच खोला पहिला फाटला, मग पुन्हा फाटला, मग पंचांतल्या पाटीलमामांचा. जाळं म्हणजे काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. सूत कातण्यापासून सालीच्या रंगात बुडवण्यापर्यंत सगळं घर त्यात राबतं. धर्मादादा अंगणात येऊन फाटका खोला तुझ्यापुढे धरून नुसता उभा राहिला. शिवी दिली असती तर तुला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी तू भांडली नाहीस. मला वाटतं तुझ्या आजारपणाची सुरुवात तिथेच झाली. आषाढाच्या पावसात ताप चढला, उतरला नाही. पडल्या पडल्या तू एकच विचारायचीस, "ती आली का गो?" मी "नाही" म्हणायचे. तुला "आली" ऐकायचं होतं की "नाही", हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. सांगून जायला काय झालं होतं? इतर वेळी तर तोंड मिटत नव्हतं!

तू गेलीस. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घर इतकं शांत झालं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तुझं बारावं उरकलं आणि जमात बसली. देवळाच्या ओट्यावर पाटीलमामा म्हणाले, "म्हातारी होती तवर आमी गप ऱ्हायलो. आता नारली पुनवेला डोली उतरनार. त्याच्या आदी ती हूद धरून द्या. तुमच्या हाकेला येते, तुमीच धरा. नायतर परत डोल फाटली त तुमचा खुंट गावात ऱ्हानार नाय."

खुंट! आये, तुला सांगायला नको, पण वाचताना काठावर उभ्या असलेल्यांना ऐकवते. घराचा खुंट म्हणजे घराचं खाडीतलं नाव. ज्या घरात दिवा लावायला कुणी उरत नाही त्याचाच खुंट उपटतात. भरल्या घराचा खुंट उपटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. म्हणजे तुमचं घर आमच्यासाठी मेलं, असं ते सांगत होते.

तुझा लेक जमातीपुढे मान खाली घालून बसला होता, नेहमीसारखा. मी बायकांच्या घोळक्यातून उठले आणि म्हटलं, "धरून नाय देनार." पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. तू असतीस तर दहा गोष्टी सुनावल्या असत्यास.

मग मी कामाला लागले. पावसात डोली बंद असतात, तेवढीच मुदत होती. मांदेलीला तुझ्या हाकेने बोलावलं, "ये गो ये." आली! वाळलेली, तोंडावर ओरखडा, पण आली आणि माझ्या पायाशी लोळली. मी तिला लाडवलं नाही. पडीक मिठागराचा एक वाफा पावसाने तुडुंब भरला होता, त्यात खाडीतले जिवंत मासे, बोयटं, आणून सोडली आणि तिला भुकेली ठेवली. शेजारी जुन्या जाळ्याचा तुकडा टांगला, त्यात मासा बांधला आणि ती जाळ्याला तोंड लावायला गेली की मी कानाशी थाळी बडवायचे. दचकून ती माझ्याकडे बघायची. आये, ते बघणं! जिच्या हाकेला आली ती अशी का वागते, हे तिला कळत नव्हतं. मी थाळी बडवत होते आणि रडत होते, आणि वरून धो धो पाऊस, म्हणून कुणाला दिसलं नाही.

तुझा लेक रोज जिवंत मासे आणून द्यायचा. एकदा नुसतं म्हणाला, "माज्या भयनीला जास्त बडवू नको."

श्रावण लागेपर्यंत तिने पहिलं बोयट स्वतः पळवून पळवून धरलं. चिखलात बसून डोक्याकडून कडाकडा खाल्लं. मी एकटीच टाळ्या पिटल्या, तुझ्यासारख्या. मग वाफ्याचा बांध फोडला आणि तिला खाडीत जाऊ दिलं. हाक मारायची नाही, असं स्वतःला बजावलं.

नारळी पुनव झाली. खाडीला सोन्याचा नारळ वाहिला, नाचगाणं झालं, दुसऱ्या दिवशी डोली उतरल्या. आणि काल पहाटेच्या पाण्याला धर्मादादाची डोल वर आली ती खोला फाटलेली.

ओहोटी लागताच होड्या निघाल्या. खुंटाला दोर बांधला. खुंट उपटताना बायकांनी तिथे जायचं नसतं, म्हणून मी घरातच बसून होते, आणि तुझा लेक दारात आला. "चल, बस होडीत." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "बगतेस काय? आये असती त आतापतूर पोचली असती."

तुझा हा लेक, आये! जमातीपुढे कधी तोंड न उघडणारा. मला तिथपर्यंत त्याने वल्हवत नेलं.

उपटायची रीत तुला माहीत आहे. खुंट ज्याचा त्याचं घर सोडून घरटी एक हात दोराला लागला पाहिजे, आणि ज्याचं नुकसान त्याचा हात पहिला. एका घराचा हात कमी असेल तर दोर ओढायचा नाही. धर्मादादा सगळ्यात पुढे होता, दोर मुठीत धरून.

"गुलाब, अजून वेल हाय," पाटीलमामा म्हणाले. "हूद धरून दे. आमी दोर सोडतो."

"नाय देनार, मामा."

धर्मादादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, पुनवेचा नारल अजून पान्यावर तरंगतो हाय नि माजी पयलीच डोल फाटली. पोरांच्या ताटात काय वाडू, तुजी थाली?"

त्याचं काय चुकलं गं? काहीच नाही. खोला मांदेलीने फाडला, की दुसऱ्या एखाद्या हुदीने, की वाहून आलेल्या ओंडक्याने, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. मी 'ती नव्हेच' म्हणून शपथ घेऊ शकले असते. पण मला खोटं बोलून जिंकायचं नव्हतं. मी हात वर केला, घारीने फाडलेलं मनगट सगळ्यांना दाखवलं.

"फाडला आसंल, दादा. माजा हात पन फाडला व्हता आयेच्या पावन्यानं, पयल्याच दिवशी. आयेनं कोनाला घरात घेताना इचारलं नाय का तू पुडं काय फाडशील. मांदेलीच्या आदी पन तिनं एक बिनआयचं पोर पदराखाली घेतलं. तवा गावानं तिला म्हटलं नाय का ह्यो मोठा होऊन कोनाचा खुंट उपटंल."

मला वाटलं, हे आपण फार बोललो. धर्मादादाच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्याने दोरावरचा हात काढला. अंगातल्या गंजीला पुसला.

"धर्मा, दोर धर," पाटीलमामा म्हणाले.

"डोल माजी फाटली ना, मामा? मंग हात पन माजा." आणि मग हळू आवाजात, "नाय लागनार तो."

मग पाटीलमामांनीच दोराची गाठ सोडली. घरटी एक हात ही रीत त्यांच्या बापजाद्यांची, ती मोडतील कशी? एकेक होडी वळली. जमात माझ्यावर खूश नाही, आये. नसू दे. खुंट उभा आहे.

परत येताना तुझ्या लेकाने वल्हं थांबवलं. "ती बग, तुजी नणंद."

चिखलाच्या कडेला मांदेली होती. तोंडात जिवंत बोयट, शेपूट आपटणारं. आसपास जाळं नाही, खुंट नाही, होडी नाही. तिचं ती धरून आणलेलं. तुझी हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती, "ये गो ये." मी ती गिळली. आयुष्यात इतकं कठीण काही गिळलं नसेल. तिने मासा संपवला, तोंड धुतलं आणि तिवरांच्या मुळांत शिरली. मागे बघितलं नाही. तुझं सांगणं तिने ऐकलं खरं, तुझ्यामाघारी का होईना. मी आणि तुझा लेक दोघेही रडलो आणि एकमेकांना ऊन डोळ्यात गेल्याचं सांगितलं.

आज सकाळी धर्मादादा आला. फाटका खोला माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाला, "इनून दे. हूद तुजी, सूत तुजं, सुई तुजी. मी फकत मासं खानार." आणि जाता जाता डालग्यापाशी थांबला, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "ह्यो कोन नवा?" पावसात पंख भिजून पडलेला बगळा आहे, मी सांगितलं. तो गेला, आणि त्याच्या बायकोने मघाशी वाटीभर जवळा पाठवलाय. आपल्यासाठी नाही म्हणे, पावण्यासाठी.

तर आये, खोला माझ्या मांडीवर पसरलेला आहे आणि एका हाताने लिहिते आहे. आता मी शब्द देते, नीट ऐक. या खाडीत ज्या ज्या जाळ्याला हुदीचे दात लागतील, ते जाळं मी विणून देईन. मांदेलीचे असोत, तिच्या पिल्लांचे असोत, विचारणार नाही. पाटीच्या तळाशी पावण्यांची मासळी राखलेली असेल. रबाळ्याकडे सरकारी माणसं जमिनी मोजत फिरतात, उद्या इकडे येतील, तिवरांवर मोजणीची साखळी टाकतील. येऊ देत! त्यांनाही मनगट दाखवीन. दोर घेऊन पुन्हा कुणी खुंटाशी आलं तर पुन्हा होडीत बसेन, रीत असो वा नसो. आणि यापुढे कुणा पावण्याला नाव ठेवणार नाही. तू मोडलास तो नियम मी पाळीन, बघ.

एक राहिलं. तुला नेलं तेव्हा पाऊस इतका होता की सगळं घाईत उरकलं. मला काही करता आलं नाही. तू मांदेलीची वाट बघत गेलीस, म्हणजे मागे बघत गेलीस. मला ते चालणार नाही.

म्हणून आज उंबऱ्यावर तुझ्यासाठी कुंकवाचं बोट ओढलंय.

जा, आये. मागं बगू नको. इथं मी हाय.

तुझ्याशी भांडता भांडता तुझीच झालेली,
गुलाब
दिवाळे